अंधाराचा जाब कोणीं द्यावा?

ता. २८ एप्रिल २०२५ रोजीं भर दुपारीं स्पेन व पोर्तुगाल या दोन देशांची वीज कांहीं क्षणांत नाहींशी झाली. आगगाड्या वाटेंतच उभ्या राहिल्या, चौकांतील इशाऱ्याचे दिवे विझले, आणि खिशांत रोकड बाळगण्याचें सोडून दिलेल्या गिऱ्हाइकांचे व दुकानदारांचे व्यवहार जागच्या जागीं अडले. आम्हांस या बातमीचें नवल वाटण्याचें कारण नव्हतें. २०१२ सालच्या जुलैच्या ३० व ३१ या लागोपाठच्या दोन तारखांस उत्तर हिंदुस्थानचें विजेचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं तर पूर्व व ईशान्येकडील जाळींही त्याच्याबरोबर गेलीं, आणि ज्या मुलुखांत साठ कोटींहून अधिक माणसें राहतात तो मुलूख एकाएकीं निर्वीज झाला. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई शहरावर तोच प्रसंग आला.

अशा प्रत्येक वेळीं लोकांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: याला जबाबदार कोण? त्याचें उत्तर मंत्र्यांनीं दिलें तर विरोधी पक्ष त्यावर विश्वास ठेवीत नाहीं. कंपनीनें दिलें तर गिऱ्हाईक ठेवीत नाहीं. खरें उत्तर देण्याचा अधिकार ज्या वर्गाचा, तो वर्ग विजेच्या इंजिनिअरांचा होय. आणि आमच्याकडे तोच वर्ग अशा वेळीं बहुधा गप्प असतो. असें कां व्हावें, हें समजण्यास या पेशाचा जन्म कसा झाला तें पाहिलें पाहिजे. एडिसननें दिवा लावला आणि त्या दिव्याबरोबर विजेचे इंजिनिअर उत्पन्न झाले, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. हा पेशा दिव्यापासून झाला नाहीं. दिव्याच्या आधीं सुमारें वीस वर्षें, समुद्राच्या तळाशीं बुडालेल्या लाखों पौंडांच्या तारेपासून व त्या नुकसानीच्या उघड चौकशीपासून तो झाला. ज्या देशांनीं ती चौकशीची चाल उचलली तेथें पेशा रुजला; ज्यांच्या पदरांत नुसतीं यंत्रें पडलीं तेथें पदव्या वाढल्या, पेशा मात्र अर्धाच राहिला. हेंच आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

धंदा व पेशा यांत भेद आहे. कापडवाल्याचें कापड गिऱ्हाईक हातानें चाचपून पाहतें. न आवडलें तर दुसऱ्या दुकानीं जातें. वैद्याचें औषध, वकिलाचा सल्ला किंवा इंजिनिअरानें बांधलेला पूल यांची पारख गिऱ्हाइकाला करतां येत नाहीं. ती होते रोगी दगावल्यावर, दावा बुडाल्यावर किंवा पूल पडल्यावर. म्हणून पेशेवाल्यापासून समाजानें तीन गोष्टी मागून घेतल्या पाहिजेत: सर्वांस सारखीं असलेलीं मापें, गुरूपाशीं बसून घेतलेलें पद्धतशीर शिक्षण, आणि चुकीचा उघड जाब. या तिन्ही जमल्या म्हणजे पेशा झाला. त्यांतली एक नसली तरी तो धंदाच. मग त्यास नांव कांहींही द्या.

विजेच्या कामांत आरंभीं यांपैकीं एकही गोष्ट नव्हती. १८३७ सालीं इंग्लंडांत कुक व व्हीटस्टन यांनीं तारायंत्राचें पेटंट घेतलें. त्यांतला कुक हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेंत नोकरी करून परत गेलेला अधिकारी. १८४४ सालीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार करून दाखविणारा मोर्स हा चित्रकार. आमच्याकडे तार आणणारा विल्यम ओशॉनेसी हा डॉक्टर असून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत असे. त्यानें १८३९ सालींच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. पुढें लॉर्ड डलहौसीच्या अमदानींत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें त्यानें तारेनें जोडलीं, व १८५५ सालीं ती तार सामान्य लोकांस खुली झाली. हीं माणसें कर्तबगार होतीं यांत शंका नाहीं. पण त्यांना शिकविणारी शाळा नव्हती, त्यांच्यापाशीं सर्वमान्य मापें नव्हतीं, व त्यांचें चुकलें तर तें दाखवून देणारा अधिकारी पुरुषही कोणी नव्हता. जमिनीवरच्या तारेंत हें खपून गेलें. खांब पडला तर माणूस चालत जाऊन पाहतो; तार तुटली तर सांधतो. अंदाजानें चालणाऱ्या कामाला जमीन क्षमा करते. समुद्र करीत नाहीं.

१८५६ सालीं अमेरिकेंतील सायरस फील्ड या व्यापाऱ्याच्या खटपटीनें अटलांटिक टेलिग्राफ कंपनी निघाली. हजार हजार पौंडांचे साडेतीनशें भाग काढून तिनें ३,५०,००० पौंड भांडवल जमविलें. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत सुमारें दोन हजार मैल तार, कोठें कोठें दोन मैलांहून अधिक खोल पाण्यांत, टाकावयाची होती. चार्लस ब्राइट हा चोवीस वर्षांचा तरुण कंपनीचा इंजिनिअर झाला, आणि विजेच्या बाजूचा मुख्य म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या ब्रायटनच्या शस्त्रवैद्याची नेमणूक झाली. ग्लासगो येथील विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्ध झाला, तो कंपनीच्या डायरेक्टरांपैकीं एक होता. पण विजेचा कारभार त्याच्या हातीं नव्हता.

टॉमसननें १८५४-५५ सालींच गणितानें दाखवून दिलें होतें कीं, पाण्याखालची लांब तार हवेंतल्या तारेसारखी वागत नाहीं. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचें आवरण, आणि त्याबाहेर खारें पाणी. त्यामुळें सारी तार म्हणजे विजेचा सांठा धरणारें एक लांबच लांब भांडें होतें. आरंभीं दिलेली वीज हें भांडें भरण्यांतच खर्ची पडते, व दुसऱ्या टोंकास ती हळू हळू, पसरट होऊन पोंचते. लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. तिप्पट केली तर नऊपट. यावर उपाय म्हणजे तांबें शुद्ध व जाड घ्यावें, आवरणही जाड करावें, आणि थोडकी वीज वापरून ती ओळखणारें यंत्र नाजूक करावें. व्हाइटहाउसनें हा सिद्धांत मानला नाहीं. आपल्या प्रयोगांच्या आधारें त्यानें तो विद्वानांच्या सभेंत खोडून काढण्याचा यत्न केला, आणि तार सुस्त असेल तर जोर वाढवावा हा सोपा मार्ग धरला. एकाचें गणित, दुसऱ्याचे प्रयोग. निवाडा कोणीं करावा व कोणत्या मापानें? विजेला तारेचा अडथळा किती होतो हें मोजण्याचें मापच जेथें ज्याचें त्याचें निराळें, तेथें एकाचा प्रयोग दुसऱ्यानें पडताळून कसा पाहावा?

इकडे भांडवलवाल्यांस घाई झाली होती. तार तयार करण्याचें काम दोन कारखान्यांस अर्धें अर्धें वांटून देण्यांत आलें. त्या दोघांनीं वरचें लोखंडी वेष्टण एकमेकांच्या उलट दिशेनें वळलें, आणि हें ध्यानांत आलें तेव्हां माल तयार होऊन चुकला होता. दोन अर्धीं जोडावयाचीं कशीं, हा प्रश्न मग उभा राहिला! ज्या कामाला ठरीव नमुना नाहीं व सर्वांवर देखरेख करणारा जाणता नाहीं, त्या कामाची याहून चांगली ओळख कोणती असूं शकेल?

१८५७ सालीं ही तार टाकतांना तुटली; १८५८ च्या जूनमध्येंही यश आलें नाहीं; शेवटीं ता. ५ ऑगस्ट १८५८ रोजीं ती दोन्ही किनाऱ्यांस लागली. जिकडे तिकडे आनंदोत्सव झाला. व्हिक्टोरिया राणीचा सुमारें शंभर शब्दांचा निरोप अमेरिकेच्या अध्यक्षांस पोंचावयास सुमारें सोळा तास लागले, इकडे मात्र त्या उत्सवांत फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. या तारेचा आमच्या देशाशींही एक संबंध आला, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८५७ च्या उठावाचा बंदोबस्त करण्यासाठीं कॅनडांतून दोन पलटणी हलविण्याचा हुकूम सुटला होता. उठाव मोडत आला असें दिसतांच तो हुकूम याच तारेनें रद्द करण्यांत आला, व ब्रिटिश सरकारचे सुमारें ५०,००० पौंड वांचले. तारेचा उपयोग काय, या शंकेचें त्यानें कायमचें निरसन झालें. परंतु तार आजारीच होती. व्हाइटहाउसनें तिच्यावर सुमारें दोन हजार व्होल्टांचा जोर देणारीं मोठीं वेटोळीं लावलीं होतीं. त्या जोरानें आवरणांतील कच्चीं ठिकाणें अधिकच खचलीं. सप्टेंबरच्या आरंभापासून ती नीट बोलेनाशी झाली, आणि ऑक्टोबरांत कायमची मुकी झाली.

दोष कोणाचा? कंपनीनें व्हाइटहाउसला काढून टाकलें. त्यानें जाहीरपणें कंपनीवर उलट ठपका ठेविला. आमच्या मतें सारा दोष त्या एकाच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. तारेचें आवरण मुळांतच ठिकठिकाणीं सदोष होतें. तार बरेच दिवस उन्हांत पडून राहिल्यानें गटापर्चा मऊ पडला होता. आणि ज्या माणसाला हा अधिकार दिला त्याची पात्रता पाहण्याचें साधन कंपनीपाशीं नव्हतें. एवढ्यांत दुसरें नुकसान झालें. सुवेजपासून तांबड्या समुद्रांतून एडन व पुढें कराचीपर्यंत जाणारी तार १८५९-६० सालीं टाकली, ती तुकड्या-तुकड्यानें निकामी झाली. या तारेच्या ८,००,००० पौंड भांडवलावर ब्रिटिश सरकारनें पन्नास वर्षें दरसाल साडेचार टक्के देण्याची बिनशर्त हमी घेतली होती. म्हणजे बंद पडलेल्या तारेसाठीं दरसाल ३६,००० पौंड सरकारी तिजोरींतून जावयाचे! ‘तार चालू राहील तर’ एवढे चार शब्द ज्या करारांत घालण्याचें कोणास सुचलें नाहीं, तो करार कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासावा.

ज्यांनीं आमच्यावर राज्य केलें त्यांचाही गुण घेण्यास हरकत नसावी. १८५९ सालीं तेथील सरकारचें व्यापारखातें व अटलांटिक कंपनी यांनीं मिळून एक चौकशी कमिटी नेमली. कॅप्टन डग्लस गाल्टन हा तिचा अध्यक्ष होता, व व्हीटस्टनसारखे जाणते तिचे सभासद होते. या कमिटीनें टॉमसनची साक्ष घेतली तशी व्हाइटहाउसचीही घेतली; तार बनविणारे, टाकणारे व चालविणारे या सर्वांस प्रश्न केले; स्वतंत्र प्रयोग करविले; आणि १८६१ सालीं साक्षीपुराव्यांसह सारा अहवाल छापून लोकांपुढें ठेविला. तोंपर्यंत सुमारें ११,००० मैल समुद्रतार टाकली गेली होती. पैकीं चालू होती ती सुमारें ३,००० मैल. कमिटीचा निष्कर्ष सरळ होता: आधीं पुरता तपास केला असता तर हीं अपयशें टळण्याजोगीं होतीं. दैवाकडे बोट दाखवून कोणासही सुटतां आलें नाहीं. कमिटीनें कोणास तुरुंगांत धाडलें नाहीं हें खरें. परंतु खासगी कंपनीच्या दप्तरांत जी चूक पुरली गेली असती, ती तिनें सार्वजनिक मालमत्ता करून सोडली. ज्यास पुढें तार टाकावयाची असेल त्यास ती वाचणें भाग झालें. आमच्या समजुतीप्रमाणें विजेच्या इंजिनिअरांच्या पेशाची जन्मपत्रिका हाच अहवाल होय.

त्याचीं फळें लागलीच दिसूं लागलीं. पहिलें फळ म्हणजे मापें. ज्या बाजारांत प्रत्येक दुकानाचा शेर निराळा, तेथें ठकाचें राज्य होतें व सचोटीचा व्यापारी बुडतो. विजेचा बाजार तसाच होता: कोणी अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचा मैल हें अडथळ्याचें माप धरी, कोणी लोखंडी तारेचा, तर जर्मनींतील सीमेन्सनें पाऱ्याच्या स्तंभाचें माप काढलें होतें. १८६१ सालींच ब्राइट व लॅटिमर क्लार्क यांनीं विजेच्या मापांस पद्धतशीर नांवें असावीं अशी सूचना ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेपुढें मांडली, आणि टॉमसनच्या प्रेरणेनें त्या सभेनें प्रमाणमापांसाठीं एक कमिटी नेमली. मॅक्सवेल व फ्लीमिंग जेंकिन यांनीं तींत परिश्रम केले. १८६५ सालीं अडथळ्याचें प्रमाणमाप तारेच्या वेटोळ्याच्या रूपानें कोणासही विकत मिळूं लागलें. १८६६ सालीं अटलांटिकाची तार यशस्वी झाली ती जाड तांबें, जाड आवरण, पावलोपावलीं मोजणी व थोडकी वीज या टॉमसनच्या मार्गानेंच. पुढें १८८१ सालीं पॅरिस येथें सर्व राष्ट्रांच्या विद्वानांनीं ओहम, व्होल्ट व अँपिअर हीं मापें मान्य केलीं. आमच्या घरीं येणाऱ्या बिलावर ‘युनिट’ म्हणून जो आंकडा छापलेला असतो, म्हणजे हजार वॅटचें यंत्र एक तास चालविण्यास लागणारी वीज, त्याच्या पाठीमागें एवढा खटाटोप उभा आहे.

दुसरें फळ म्हणजे संस्था व शाळा. १८७१ सालीं लंडनांत तारेच्या इंजिनिअरांची सभा स्थापन झाली. विल्यम सीमेन्स तिचा पहिला अध्यक्ष. तेथें एकानें निबंध वाचावा, दुसऱ्यानें त्यांतील चूक दाखवावी, व दोन्ही छापून निघावें, असा क्रम पडला. १८८२ सालीं एडिसनचीं वीजघरें लंडन व न्यूयॉर्क येथें सुरू झालीं तेव्हां मापें तयार होतीं, मोजणारे हात तयार होते आणि जाब विचारणारी सभाही तयार होती. त्याच सालीं जर्मनींत डार्मस्टाट येथें एरास्मस किटलर यास विद्युत्तंत्राच्या अध्यासनावर नेमण्यांत आलें, व अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १८८५ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फ्लेमिंग हा या विषयाचा प्राध्यापक झाला. दिवा हा या पेशाचा बाप नव्हे. तो त्याचा मुलगा आहे.

येथें आमच्या वाचकांनीं एका माणसाच्या प्रवासाकडे लक्ष द्यावें. विल्यम एर्टन हा टॉमसनच्या हाताखालीं शिकून १८६८ सालीं हिंदुस्थानच्या तारखात्यांत नोकरीस आला. तारेंत बिघाड कोठें झाला आहे हें दूर बसून मोजणीनें काढण्याच्या पद्धतीवर त्यानें येथें मोलाचें काम केलें. १८७३ सालीं तोच एर्टन जपानांत टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवावयास गेला. तेथें त्यानें मुलांच्या हातीं उपकरणें दिलीं, व त्यांच्याकडून मोजमापें करून घेतलीं. ता. २५ मार्च १८७८ रोजीं टोकियोंत विजेचा दिवा लागला तो त्याच्याच देखरेखीखालीं. त्या कॉलेजांतून १८७९ सालीं बाहेर पडलेला शिदा रिन्झाबुरो पुढें ग्लासगोस टॉमसनपाशीं शिकून आला, मायदेशीं या विषयाचा प्राध्यापक झाला, आणि १८८८ सालीं जपानच्या विद्युत्-इंजिनिअरांची संस्था स्थापण्यांत त्यानें पुढाकार घेतला. पंधरा वर्षांत परकीय गुरूची गरज सरली!

गुरु तोच, विद्या तीच. मग हिंदुस्थानांत काय झालें? येथील सरकारी खात्यांसाठीं इंजिनिअर तयार करण्याचें कॉलेज १८७१ सालीं निघालें तें येथें नव्हे, तर इंग्लंडांत लंडनजवळ कूपर्स हिल येथें. तेथें हिंदी तरुणांस मिळणारा प्रवेश नाममात्रच होता, आणि तें १९०६ सालीं बंद झालें. एर्टनच्या ज्ञानानें आमच्या तारांतले बिघाड सांपडले. आमच्या मुलांस तें ज्ञान सांपडलें नाहीं. तार आली, तारेचा पेशा आला नाहीं. मुंबईंत १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली; बंगलोरच्या विज्ञानमंदिरांत १९११ सालीं अभ्यास सुरू झाला, त्यांत जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीमुळें विद्युत्तंत्राचा विभाग आरंभापासून होता; १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली; हिंदी इंजिनिअरांची स्वतःची संस्था निघावयास मात्र १९२० साल उजाडावें लागलें. जपानशीं तुलना केली तर फरक बुद्धीचा नव्हता, सत्तेचा होता. ज्यांच्या हातीं आपल्या शाळा नाहींत, त्यांच्या हातीं आपलीं यंत्रें राहत नाहींत.

पण सत्ता येऊन आतां पाऊणशेंहून अधिक वर्षें झालीं. परक्यांवर बोट दाखविण्याची मुदत केव्हांच संपली. आज विद्युत्-इंजिनिअरिंगचीं कॉलेजें गांवोगांव आहेत. मापें जगाशीं जुळलेलीं आहेत. तीन गोष्टींपैकीं दोन मिळाल्या. तिसरी, म्हणजे चुकीचा उघड जाब, तिची काय स्थिति आहे? २०१२ च्या प्रसंगीं सरकारनें चौकशी कमिटी नेमली व तिचा अहवाल त्याच ऑगस्टांत प्रसिद्धही झाला. त्यांत प्रदेशाप्रदेशांना जोडणारे दुर्बळ दुवे, ठरल्याहून अधिक वीज ओढणारीं राज्यें व नियंत्रण केंद्रांची ढिलाई यांचा स्पष्ट उल्लेख होता. हें चांगलें झालें. परंतु २०२० च्या मुंबईच्या अंधाराविषयीं पुढल्या वर्षीं राज्याच्या गृहमंत्र्यांनीं परक्यांच्या घातपाताचा संशय बोलून दाखविला, तर केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनीं ती माणसाची चूक असल्याचें सांगितलें. सामान्य माणसानें कोणाचें खरें मानावें? दोन मंत्र्यांच्या दोन निवेदनांतून सत्य निघत नसतें. तें साक्षीपुराव्यांतून निघतें. स्पेन व पोर्तुगालच्या बाबतींत युरोपांतील वीजजाळ्यांच्या संघाच्या तज्ज्ञमंडळानें सहा महिन्यांच्या आंत घटनेचा तपशीलवार अहवाल छापला, व विजेचा दाब मर्यादेबाहेर चढून एकामागून एक वीजघरें कशीं तुटत गेलीं हें कोणासही वाचतां येईल असें मांडलें. फरक येथें आहे.

कायदा काय म्हणतो तेंही पाहूं. २००३ च्या वीज कायद्याचें १६१ वें कलम अपघातांविषयीं आहे. विजेच्या कामांत माणूस किंवा जनावर दगावलें तर त्याची सूचना दिली पाहिजे. आणि सरकारला योग्य वाटल्यास त्यानें विद्युत्-निरीक्षकास किंवा दुसऱ्या कोणास चौकशी करून अहवाल देण्यास सांगावें, असें तें कलम सांगतें. साक्षीदार बोलावण्याचे व कागद हजर करविण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकारही तें कलम निरीक्षकास देतें. अधिकार उत्तम आहेत. पण ‘योग्य वाटल्यास’ या दोन शब्दांनीं चौकशी सरकारच्या मर्जीवर आली, आणि झालेल्या चौकशीचा अहवाल छापण्याचें बंधन त्या कलमांत नाहीं. देशांतील अपघातांच्या सरकारी नोंदींप्रमाणें अलीकडे दरसाल दहा हजारांहून अधिक माणसें विजेच्या धक्क्यानें मरतात. त्यांत शेतांत पडलेल्या तारेवर पाय पडणारा शेतकरी असतो, पावसांत खांबावर चढलेला ठेक्यावरचा लाइनमन असतो, व ओल्या भिंतीला हात लावणारें पोरही असतें. यांतल्या किती मृत्यूंचीं कारणें छापून निघतात, व किती इंजिनिअरिंग कॉलेजांत तीं कारणें शिकविलीं जातात? अटलांटिकाच्या तळाशीं पैसा बुडाला तर जगाला नवी विद्या मिळाली. आमच्याकडे माणसें मरतात आणि फाइल बंद होते.

व्यापारी वाचकांस यांतली एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. महाराष्ट्रांत २०२४ पासून नव्या ‘स्मार्ट’ मीटरांविरुद्ध ठिकठिकाणीं तक्रारी व मोर्चे झाले. मीटर खरा कीं खोटा, हा वाद राजकारणाचा नव्हे. तो मापाचा आहे. मीटर तपासून मागण्याचा हक्क गिऱ्हाइकास आहे. पण वजन करणाराच जर वजनाची पारख करूं लागला, तर वजन बरोबर असलें तरी विश्वास बसत नाहीं. दुकानदाराच्या तराजूवर सरकारी छाप लागते ती याचसाठीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सर्व कांहीं छापलें तर शत्रूस आमच्या जाळ्याचीं मर्मस्थानें कळतील. जो भाग खरोखर देशाच्या संरक्षणाचा असेल तो वगळावा. पण रोहित्राची डागडुजी कां झाली नाहीं, तोडलेल्या वेलीबरोबर तार कां लोंबत राहिली, यांत कोणतें गुपित आहे? गुप्ततेच्या चादरीखालीं बहुधा शत्रूपासून नव्हे तर बिल भरणारापासून लपविलें जातें. दुसरा आक्षेप असा कीं, उघड चौकशीच्या भीतीनें इंजिनिअर कामच करणार नाहींत. हा आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. आमच्याकडे चौकशी म्हणजे सर्वांत खालच्या माणसाला निलंबित करणें, असा अर्थ झाला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यांतलाच हा प्रकार. म्हणून कारण शोधणारी चौकशी व शिक्षा ठरविणारी चौकशी या दोन निरनिराळ्या ठेवाव्या. पहिलींत दिलेला जबाब दुसरींत सांगणाराच्याच विरुद्ध वापरला जाऊं नये. १८५९ च्या कमिटीपुढें व्हाइटहाउस बोलला आणि त्याचें बोलणें छापलें गेलें, म्हणून तर पुढच्यांना शिकतां आलें.

सारांश, आमच्या सूचना थोड्या आहेत. जीव घेणाऱ्या किंवा एखादें शहर अंधारांत घालणाऱ्या प्रत्येक अपघाताची चौकशी सक्तीची असावी, आणि तिचा अहवाल ठराविक मुदतींत त्या त्या प्रांताच्या भाषेंत छापावा. चौकशीचा अध्यक्ष वीज कंपनीचा किंवा वीजखात्याचा नोकर नसावा. मीटरांची तपासणी वितरण कंपनीच्या हाताबाहेरील प्रयोगशाळेंत, गिऱ्हाइकाच्या समक्ष व्हावी. इंजिनिअरिंग कॉलेजांनीं हे अहवाल पाठ्यपुस्तकांबरोबर शिकवावे. वकिलांसाठीं १९६१ सालीं, हिशेबतपासनिसांसाठीं १९४९ सालीं व वास्तुशिल्पज्ञांसाठीं १९७२ सालीं देशव्यापी नोंदणीचे कायदे झाले. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाऊणशें वर्षांत सर्व इंजिनिअरांसाठीं तसा कायदा झाला नाहीं. ज्याला पेशाच्या नियमांचा आधार नाहीं तो ठेकेदारापुढें व मंत्र्यापुढें ‘हें काम असें होणार नाहीं’ असें कोणाच्या बळावर म्हणेल? त्याला तें बळ देणें हें समाजाचें काम आहे.

हें सारें सरकार आपण होऊन करील अशी आशा बाळगणें व्यर्थ आहे. बंद पडलेल्या तारेसाठीं दरसाल पैसे मोजण्याची पाळी आली, तेव्हां इंग्लंडांतील भागीदार व करदाते जागे झाले. आमचे व्यापारी संघ, नगरपालिका व गिऱ्हाइकांच्या संस्था दर महिन्याला बिल भरतात; तेव्हां विचारण्याचा अधिकार त्यांनीं रोख पैसा मोजून मिळविलेला आहे. पुढल्या वेळीं वीज जाईल तेव्हां नुसती भरपाई मागूं नका. कारणाचा छापील अहवाल मागा, आणि तो हातीं पडेपर्यंत मागत राहा.